धोंडू मेतरांची तब्येत

विमा एजंट संचिता राणे देवबागेत येऊन धोंडू मेतरांना आरोग्य विमा समजावून गेली, आणि पुढच्याच आठवड्यात धोंडूंनी तिला पुन्हा बोलावले. नीट कळले नाही म्हणाले. बिचारी कुडाळहून स्कूटरवरून पुन्हा आली. एकट्या माणसाचा विमा वेगळा, सगळ्या कुटुंबाचा एकत्र विमा वेगळा, आणि पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डावर मोठ्या ऑपरेशनसाठी सरकारी योजना मिळते ती वेगळी, असे तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितले. धोंडूंचे कार्ड पांढरे होते. म्हणजे सरकारी योजना बाद.

"मग कुटुंबाचा बघूया. कुटुंबात कोण कोण आहे, काका?"

"मी," धोंडू म्हणाले. "झील मडगावाक आसता. तेचा सगळा थंयच."

"म्हणजे मुलगा तिकडे, इथे तुम्ही एकटेच."

"तसाच म्हण."

खरे तर धोंडूंना पहिल्या खेपेसच सगळे कळले होते. पण बायको गेल्यापासून, झोप लागते का, दम लागतो का, छातीत दुखते का, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. संचिता ते विचारी आणि उत्तर ऐकून घेई. गुडघ्यांनी दगा दिल्यावर धोंडूंचे दर्यावर जाणे सुटले होते. दिवसभर पडवीत बसून लाटा बघायच्या, एवढेच काम उरले होते. म्हणून ती उठायला लागली की ते नवा प्रश्न काढीत. हार्टचे ऑपरेशन झाले तर? किडनी गेली तर? कॅन्सर निघाला तर किती दिवस दवाखान्यात ठेवतात?

धोंडूंना कमी ऐकू येई, त्यामुळे ते मोठ्याने बोलत. संचिता त्यांच्या कानाशी वाकून हळू बोले. कुंपणापलीकडे शेजारीण चंद्रावती सुकी मासळी उलथत बसली होती. तिला फक्त धोंडूंचे प्रश्न ऐकू गेले. दिवेलागणीपर्यंत साऱ्या वाडीला कळले की धोंडू मेतरांचे काही खरे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चंद्रावती गरम पेज आणि भाजलेला बांगडा घेऊन आली. पेज संपेपर्यंत समोर बसून राहिली. दुपारी कोणी तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके आणून दिले. संध्याकाळी तर समोरच्या घरातला बाबली आला. होडी ओढायच्या जागेवरून भांडण झाल्यापासून हा माणूस धोंडूंच्या दारावरून जाताना मान फिरवून जायचा. तो येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, "झाला गेला इसरान जा, धोंडू. आता राग धरून काय करतलंस?"

"आता म्हणजे?" धोंडूंनी विचारले.

बाबलीचे डोळे भरून आले. तेव्हा कुठे धोंडूंच्या लक्षात सारा प्रकार आला. त्यांनी खरे सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात चंद्रावती सोलकढी घेऊन आली. बाबलीने हात धरून त्यांना भिंतीला टेकवून बसवले. किती दिवसांनी कोणी त्यांचा हात धरला होता. धोंडूंनी तोंड मिटले. उद्या सांगू म्हणाले मनाशी.

ते उद्या काही आले नाही. पडवीत रोज माणसे बसू लागली, गप्पा होऊ लागल्या. पण बातमी मडगावला पोचली आणि मुलगा सिद्धेश कामावर रजा टाकून धावत आला. पाठोपाठ संचिताही आली. ती रागावली होती. आजार लपवून विमा काढला तर कंपनी पुढे एक पैसाही देणार नाही, आधी कुडाळला डॉक्टरांकडे पूर्ण तपासणी करा, असे तिने बजावले. आता माघार कशी घेणार? सिद्धेशने जीप सांगितली. बाबली, चंद्रावती आणि आणखी चार माणसे आपणहून तीत चढली. चंद्रावतीने वाटेत देवाला नारळ बोलला.

दवाखाना माडीवर होता. धोंडूंची तपासणी झाली. मग डॉक्टरांनी, जिना चढून धापा टाकत असलेल्या बाबलीला आत बोलावले. तो बराच वेळ आत होता. बाहेरच्यांना वाटले, त्याला धोंडूंबद्दल काही नाजूक सांगत असतील. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि सर्वांना म्हणाले, "मेतरांना काहीही झालेलं नाही. या वयात इतकं निरोगी हृदय मी क्वचितच बघितलंय."

आनंद करावा की रागवावे ते कोणाला ठरवता येईना. परतीच्या जीपमध्ये चंद्रावती धोंडूंकडे पाठ करून बसली.

घरी आल्यावर सिद्धेशने विचारले, "बाबानूं, तुमी सांगलात कित्याक नाय?"

"तू घराक इलंस मां," धोंडू म्हणाले.

सिद्धेश आणखी दोन दिवस राहिला आणि कामावर गेला.

धोंडूंची पडवी पुन्हा रिकामी झाली. पूर्वीपेक्षा जास्तच रिकामी वाटू लागली. चंद्रावतीने कुंपणाला माडाच्या झावळ्यांचे झापे लावून वरपर्यंत बंद केले. अशाच एका दुपारी बाबली आला आणि पुन्हा पायरीवर बसला. धोंडूंनी शिव्या ऐकायची तयारी केली.

"हार्टाचो पडदो खराब आसा म्हणता डॉक्टर," बाबली म्हणाला. "तुझो न्हय. माझो. ऑपरेशन करूक व्हया. कोणाक सांगू नको हां. सगळी येवन बसतली, ता माका सोसाचा नाय."

"घरात सांगलंस?"

"घरात कोण आसा?"

समोर राहणाऱ्या या माणसाच्या घरात आता कोण उरले आहे, हे त्यांनी भांडणाच्या भरात कधी पाहिलेच नव्हते. मग त्यांनी विचारले, "रेशनकार्ड कसला तुझा?"

"पिवळा."

"मगे उठ," धोंडू म्हणाले, आणि संचिताने सांगितलेले सगळे त्याला समजावून सांगितले. बाबलीला नीट कळले नाही. धोंडूंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायला एस.टी.त चढले. एकच बाक रिकामा होता. आपल्याला वारा हवा म्हणून बाबलीने खिडकी मागितली. धोंडू आधीच खिडकीशी बसले होते, ते हलेनात. कट्टा गाव मागे पडले तरी दोघांची हुज्जत चालूच होती. तिकिटे फाडता फाडता कंडक्टर वैतागून म्हणाला, "तुम्ही दोघं सख्खे भाऊ काय?"

"नाय," दोघे एकदम म्हणाले, आणि धोंडूंनी सरकून बाबलीला खिडकी दिली.