धुण्याच्या मशीनमधलं जेल

रविवारी सकाळी धुण्याचं मशीन मधेच थांबलं. आईने झाकण उघडलं तर आत कपडे दिसेनात. काठोकाठ पारदर्शक, लिबलिबीत गोळे भरले होते आणि त्यातून एका शर्टाची बाही तेवढी वर आली होती.

"अरे, जरा इकडे ये," तिने मुलाला हाक मारली. "हे काय झालंय बघ."

मुलगा चार वर्षं जेलवर संशोधन करत होता. जेल म्हणजे लांबच लांब धाग्यांचं जाळं, जागोजागी गाठी मारलेलं. पाणी मिळालं की ते फुगतं. गाठी जास्त झाल्या तर जाळं ताणलं जात नाही आणि फारच कमी झाल्या तर सगळंच पाण्यात विरघळून जातं. हे त्याला तोंडपाठ होतं, फक्त त्याचं जेल फुगत नव्हतं. आई शिवणकाम करायची. तिचं म्हणणं, नुसत्या गाठीच मारायच्या होत्या तर माझ्या हाताखाली बसायचं होतंस. त्याच्या मार्गदर्शक सरांनी शुक्रवारी निर्वाणीचं सांगितलं होतं, "सोमवारी फुगलेलं जेल दाखव, नाहीतर विषय बंद. तुझ्यापेक्षा भिजवलेला हरभरा बरा फुगतो."

शनिवारी त्याने गाठींच्या नव्या प्रमाणाचं जेल वाळवून, दळून त्याची पुडी बांधली. अशी पावडर कोरडी ठेवायला प्रयोगशाळेत काचेचं हवाबंद भांडं असतं. त्यात सरांची बिस्किटं होती, कारण तिथे ती कुरकुरीत राहतात. बिस्किटं हलवा म्हणायची कोणाची छाती नव्हती, त्यामुळे सगळे विद्यार्थी आपापली पावडर पॅन्टच्या खिशात घेऊन हिंडत. याची पॅन्ट आता मशीनमध्ये होती.

"आई, यात आणखी पाणी घालू नकोस हं."

"घातलं की. चिकट लागलं म्हणून दोन बादल्या ओतल्या, तर मेलं दुप्पट झालं. मग थोडं मोरीत ढकललं आणि वरून नळ सोडला."

तो धावत मोरीपाशी गेला. तिथली जाळी जेलने वर उचलून धरली होती आणि पाणी उंबऱ्याला लागलं होतं. मागून आई मिठाची बरणी घेऊन आली.

"काकडीला मीठ लावलं की ती पाणी सोडते. हेही सोडेल."

हीच गोष्ट समजायला त्याला दीड वर्ष आणि तीन जाड पुस्तकं लागली होती.

"मोरीत टाक! पण मशीनमध्ये चिमूटभरही नको, गंज चढेल!"

अर्ध्या बरणीत मोरीतला गोळा खाली बसला आणि पाणी गडगडत निघून गेलं. मशीनमधलं जेल त्याने ओंजळीने उपसलं. दोन बादल्या भरल्या, मग एक मोठं पातेलं भरलं. पातेलं भरताना कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे, हे फुगलंय. त्याने ओल्या हातानेच सरांना फोन लावला.

सर अर्ध्या तासात आले आणि बुटांसकट न्हाणीघरात शिरले. मूठभर जेल त्यांनी उजेडात धरलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा हसले.

"साबणाच्या पाण्यात एवढं? मग शुद्ध पाण्यात घर भरेल! गाठींचं प्रमाण किती घेतलंस?"

"लिहिलंय, सर. पुडीच्या कागदावर."

"आणि वहीत?"

"फुगलं तरच वहीत उतरवणार होतो. आधीची न फुगलेली सव्वीस उतरवून कंटाळा आला होता."

सरांचं हसू मावळलं. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात बादलीत घातले. दुसऱ्या बादलीत याने घातले. एक बटण मिळालं, एक मोजा मिळाला, कागदाचा कपटासुद्धा मिळेना. चार वर्षांत एकच जेल फुगलं होतं आणि ते पुन्हा कसं करायचं हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याला रडू येत होतं, पण आई आणि सर दोघांसमोर एकदम रडायची त्याला लाज वाटली.

"काय शोधताय एवढं?" आईने विचारलं.

"पुडीचा कागद. पॅन्टच्या खिशात होता."

"खिशात कसा राहील?" आईचा आवाज दुखावलेला होता. "खिसे न तपासता कधी कपडे टाकलेत का मी? पुडी मीच काढली. पांढरी पावडर दिसली, मला वाटलं साबणाचा नमुना आणलास. म्हणून घातली मशीनमध्ये. कागदावर तुझं अक्षर होतं, तो ठेवलाय."

सरांचे हात बादलीतच थांबले. "कुठे ठेवलाय, ताई?"

"कपाटावर. पुडी आहे तशी बांधून ठेवलीय. एवढ्याशा कपड्यांना सगळी कशाला लागते? अर्धीच टाकली. उरलेली पुढच्या धुण्याला."

सर हळूच पातेल्याशेजारी, ओल्या फरशीवर बसले. मुलगा कपाटाकडे धावला. आईने मशीनमधून शर्ट ओढून काढला, कॉलर उलटी करून पाहिली आणि सरांपुढे धरली.

"पण खरं सांगू का, सर? पावडर काही खास नाही. मळ आहे तिथेच आहे."