व तत्सम

बाबांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस म्हणजे एक सोमवार. सकाळी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तांबडी पेन्सिल घेऊन बसले होते आणि त्यांच्या चहावर साय धरली होती.

"उद्या बैठकीत एक शब्द खोडायचाय," ते म्हणाले.

"एका शब्दानं काय होतंय, बाबा? चहा घ्या आधी."

"बये, तुझं वाचनालय कशावर चालतं? शब्दांवरच ना?"

मी पावाला लोणी लावत राहिले. गरजेपेक्षा जास्त वेळ.

बाबा वित्त खात्याच्या तूट कक्षात अवर सचिव होते. देशाची तूट शंभरात तीनच्या वर जाऊ नये, असा कायदा होता. शेजारी देशाने तोफा वाढवल्या, कारण आपण वाढवल्या होत्या. म्हणून आपण पुन्हा वाढवल्या. कायदा मोडणे शोभले नसते, म्हणून त्यात एक ओळ घालण्यात आली: 'संरक्षण व तत्सम खर्च तुटीत धरू नये.' त्यातले 'व तत्सम' बाबांचे. त्यांच्या मनात सैनिकांचे बूट होते.

इतरांच्या मनात काय होते, ते वर्षभरात कळले. चौकातले कारंजे नौदलात गेले. नगराध्यक्षांच्या दिवाणखान्यातला गालिचा पायदळात धरला गेला. नाट्यगृहाला नवा मखमली पडदा मिळाला, शत्रूपासून लपण्यासाठी. तूट इतकी आटोक्यात आली की वित्तमंत्र्यांचा जाहीर सत्कार झाला. सैनिकांनी बूट मागितले तोवर निधी संपला होता. त्यांना क्रीडा खात्याकडे अर्ज करण्याचा सल्ला मिळाला.

मंगळवारी बैठकीत, टिपणाचे पहिले पान उलटण्याआधीच बाबांचे हृदय थांबले. इतिवृत्तात नोंद आहे: 'अवर सचिवांनी पुढे काही मांडले नाही. शब्द कायम.'

पंधरवड्याने मी त्यांच्या वस्तू आणायला कचेरीच्या भांडारात गेले. तिथे 'तत्सम'च्या परवान्यांसाठी रांग होती. भांडारपालांनी खोका पुढे सरकवला आणि त्यातला चष्मा काढून घेतला.

"हा देता येत नाही, ताई. टेहळणीचं साधन आहे."

"अहो, वाचायचा चष्मा आहे."

"म्हणजे कागदांची टेहळणी. कचेरीनं करून दिलेला, संरक्षणात धरलेला. तुम्ही घरी नेलात की तो घरगुती झाला. घरगुती झाला की तुटीत आला. आणि तूट आज बरोब्बर तीनवर उभी आहे, एका पायावर."

"एका चष्म्यानं कायदा मोडेल?"

"मोडेल की! मग सगळी यादी उघडावी लागेल. कारंज्यापासून," त्यांनी आवाज उतरवला, "ते वाचनालयाच्या छपरापर्यंत."

मी पुढे केलेला हात मागे घेतला. माझ्या वाचनालयाला त्याच वर्षी नवे छप्पर मिळाले होते. 'ग्रंथ हा मनोबलाचा दारूगोळा असून तो कोरडा राहणे आवश्यक आहे', असे अर्जात होते.

"ओळख मात्र पटवावी लागेल," ते म्हणाले. "घाला, काहीतरी वाचा, सही करा, परत द्या. पाच मिनिटं."

बाबांचा आणि माझा नंबर एकच. खोक्यात वाचण्याजोगे एकच काही होते, ते बैठकीत न मांडलेले टिपण. 'तत्सम'मध्ये शिरलेल्या चारशे बारा बाबी आणि चारशे अकरा तांबड्या रेघा. रेघ नव्हती ती वाचनालयाच्या छपरावर. समासात बाबांचे बारीक अक्षर होते: 'अर्जदाराचे हस्ताक्षर ओळखीचे. पुस्तके भिजतील. तूर्त राहू द्यावे.'

म्हणजे सोमवारी, मी लोणी लावत असताना, ते माझ्याकडे बघत होते.

"पटली का ओळख?" भांडारपालांनी विचारले.

"पटली." मी चष्मा काढला नाही. समासातल्या अक्षराला म्हणाले, "बाबा, एका शब्दानं बरंच काही होतं."

"हळू, ताई. रांग ऐकतेय."

रांगेतल्या प्रत्येकाने हातातला कागद छातीशी धरला होता. कोणीच वर बघत नव्हते. तुमचे छप्पर गळत नसेल, तर तुम्हीही बघू नका.

मी आवाज चढवला.

"छपराच्या अर्जावर 'तत्सम' मी लिहिलं होतं, बाबा."