सीलबंद मोटारसायकल

केरकेना बेटावरच्या आरोग्य केंद्राला नवी मोटारसायकल मिळाली, तेव्हा जुनीच्या मृत्यूची कारणे तीन प्रतींत वर पाठवण्यात आली होती. कारण एकच होते: मीठ. बेटाच्या चारही बाजूंना समुद्र आणि मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनाही समुद्र. उत्तरेचा वारा सुटला की लाटांचे तुषार थेट रस्त्यावर येत. जुन्या मोटारसायकलच्या आधी तारा गेल्या, मग टाकीचा तळ गेला आणि एका शुक्रवारी नर्स तिजानी सीटवर बसलेला असतानाच मागचे चाक त्याला ओलांडून पुढे निघून गेले.

तिजानी छप्पन्न वर्षांचा होता. केंद्रातला एकुलता एक नर्स. चार गावांत घरोघर जाऊन इन्सुलिन टोचणे, रक्तदाब मोजणे आणि जखमा बांधणे हे त्याचे काम. नव्या मोटारसायकलची निगा त्याने पहिल्याच दिवसापासून मनावर घेतली. संध्याकाळी परत आला की पावसाच्या पाण्याच्या टाकीतून दोन बादल्या काढून तो तिच्या अंगावरचे मीठ धुऊन काढी, रोग्यांच्या एका फाटक्या गाऊनने तिला कोरडी करी, साखळीला तेल देई आणि शेवटी मेंढीची न धुतलेली लोकर घेऊन तारा, नटबोल्ट, सायलेन्सर सगळे चोळून काढी. त्या लोकरीत एक मेणचटपणा असतो. तो लोखंडाला धरून बसतो आणि खाऱ्या हवेला जवळ येऊ देत नाही. तिजानीचे वडील होडीतले गळ असेच चोळत. तोटा एवढाच, की गाडीला मेंढीचा वास येई. बेटावरची कुत्री तिला मान देत आणि बकरी ईदच्या आधी तर रोगी नावाआधी आदराचे 'सी' लावून म्हणत, "सी तिजानी, तुमची गाडी आली की औषधाआधी भूक लागते."

दीड वर्षात तिच्यावर गंजाचा एक ठिपकाही दिसला नाही. ही गोष्ट वर कळली आणि तिथून प्रकरण बिघडले.

किनाऱ्यावरची सरकारी वाहने गंजतात असे लेखापरीक्षणात आढळल्यामुळे मुख्य भूमीवर 'सागरी क्षार व गंज प्रतिबंध कक्ष' स्थापन झाला होता. कक्षात अकरा कर्मचारी होते, वाहन एकही नव्हते. त्यामुळे कक्षाकडे गंजाची एकही तक्रार नव्हती आणि बेटावरची मोटारसायकल न गंजल्याचे ऐकून कक्षाला काळजी वाटणे साहजिक होते. कक्षाच्या परवानगीशिवाय ती न गंजली कशी? चौकशीसाठी निरीक्षक सी रऊफ फेरीबोटीने बेटावर उतरले.

त्यांनी हातमोजे घालून मोटारसायकलवरून एक बोट फिरवले, नाकाशी नेले आणि विचारले, "हे काय चोळलंय?"

"लोकर, साहेब."

"कुठल्या कंपनीची?"

"मेंढीची."

"मेंढी मंजूर यादीत आहे?"

तिजानीने प्रामाणिकपणे सांगितले की मेंढी यादीत आहे की नाही याची त्याला कल्पना नाही. सी रऊफ यांनी लिहून घेतले: 'वाहनाचे संरक्षण अनधिकृत प्राण्याकरवी होत असल्याचे आढळले.'

पंधरा दिवसांत परिपत्रक आले. सोबत हवेतला दमटपणा मोजणारे एक तबकडीचे यंत्र आले. दमटपणा साठच्या वर असेल तर वाहन बाहेर काढू नये, असे कलम चार म्हणत होते. बेटावर काटा साठच्या खाली फक्त एकाच वेळी येई, वाळवंटाकडून गरम वारा सुटला की. परंतु कलम सात असे होते की वाळूच्या वाऱ्यात वाहन बाहेर काढू नये, कारण रंगावर ओरखडे पडून त्यात मीठ शिरते.

तिजानीने फोन लावला. "साहेब, मग काढायची कधी?"

"हे परिपत्रक काढण्याबद्दल नाहीये," सी रऊफ शांतपणे म्हणाले. "वाचवण्याबद्दल आहे."

त्यानंतर जाड निळ्या प्लॅस्टिकचे कव्हर आले. मोटारसायकल त्यात घालून तळाशी दोरा आवळायचा, दोऱ्याला शिशाचे सील लावायचे आणि केंद्रातल्या सर्वांत कोरड्या खोलीत ती ठेवायची, असा आदेश होता. सर्वांत कोरडी खोली म्हणजे जखमा बांधायची खोली. तेव्हा टेबल, कात्र्या, पट्ट्या आणि रोगी असे सगळे व्हरांड्यात हलवण्यात आले आणि आत मोटारसायकल उभी राहिली. व्हरांड्यात खारा वारा भणाणत असे. माणसांवरच्या परिणामाबद्दल परिपत्रकात काही म्हटलेले नव्हते.

या व्यवस्थेचा सर्वांत जास्त त्रास मबरूका मावशीला झाला. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, अकरा किलोमीटरवर ती एकटी राहत असे. सत्तरीला टेकलेली बाई, पण अजून स्वतःच्या होडीतून ऑक्टोपस धरायची मडकी समुद्रात सोडत असे. तिला मधुमेह होता आणि एका फुटक्या मडक्याने तिच्या पायाला चीर गेली होती. जखम दर दिवसाआड धुऊन बांधायला हवी होती. मोटारसायकल होती तोवर तिजानी दिवसाआड जात असे. आता कधी मासळीचा ट्रक मिळे, कधी वाण्याची तीनचाकी, कधी काहीच नाही. दिवसाआडाचे चार दिवस झाले, चाराचे सहा.

"आलास?" मावशी दारातूनच ओरडली. "मला वाटलं, तुलाही प्लॅस्टिकमध्ये घातलं."

"मावशी, गाडी बंद आहे."

"बिघडली?"

"नाही. चांगली आहे, म्हणून बंद आहे."

"म्हणजे मी बरी असते तर तू रोज आला असतास की काय?"

तिजानीने पट्टी सोडली. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांचा रंग त्याला आवडला नाही. मावशीने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि थट्टा आवरती घेतली. "पाय राहील ना रे?" तिने हळूच विचारले. "मला होडीत उभं राहावं लागतं."

त्या रात्री तिजानीला झोप आली नाही. सकाळी त्याने सील उघडण्यासाठी अर्ज केला. उत्तर आले की सील उघडण्याच्या अर्जासोबत वाहनाच्या सद्यस्थितीचा अहवाल जोडावा. सद्यस्थिती पाहण्यासाठी सील उघडावे लागेल, असे त्याने कळवले. त्यावर उत्तर आले की सील अहवालाशिवाय उघडता येणार नाही. तिसऱ्या अर्जात त्याने मबरूका मावशीच्या पायाचे सविस्तर वर्णन केले. या वेळी कक्षाने मनापासून विचार केला असावा, कारण उत्तर चार ओळींचे होते. शेवटची ओळ अशी: 'रुग्ण गंजत नसल्यामुळे रुग्णास वाहनाकडे आणणे सोयीचे व सुरक्षित राहील.'

पुढच्या मंगळवारी सकाळी मावशीच्या शेजारणीचा फोन आला. मावशीला ताप भरला होता, ती बरळत होती आणि पायाला वास येत होता. मासळीचा ट्रक गावात नव्हता. तिजानी कात्री घेऊन मोटारसायकलच्या खोलीत गेला. निवृत्तीला चार वर्षे राहिली होती. सीलसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मनात त्याने चौथा अर्ज लिहिला, स्वतःच नामंजूर केला आणि दोरा कापला.

कव्हर उचलताच आतून पाण्याची धार लागली. चार महिने मोटारसायकल त्या प्लॅस्टिकमध्ये घामाघूम होऊन उभी होती. चाकांच्या रिमा विटकरी झाल्या होत्या, साखळीची एकसंध सळई बनली होती आणि किल्ली कुलपात फिरायला तयार नव्हती. बाहेरची दमट हवा आत येऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताने आतली हवा बाहेर जाऊ दिली नव्हती. तिजानीने किक मारली, तेव्हा किकच हातात आली असे म्हणायला हवे, पण ती पायात आली.

तो रस्त्यावर धावला. धक्क्याकडून येणारा ट्रक त्याने दोन्ही हात पसरून अडवला, मावशीच्या गावाकडे वळवला आणि बर्फ व सार्डिन यांच्यामध्ये तिला निजवून फेरीबोट गाठली. मुख्य भूमीवरच्या रुग्णालयात तिची दोन बोटे कापावी लागली. पाय वाचला. शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "मासळीचा वास माझाच येतोय का?" मग तिजानी भिंतीकडे तोंड करून रडला.

आठ दिवसांनी चौकशी बसली. ती ओमदाच्या, म्हणजे गावच्या मुखियाच्या, घरी झाली. सी रऊफ यांनी अहवाल वाचून दाखवला.

"सील लावल्यापासून चार महिन्यांत या वाहनावर गंजाची एकही नोंद नाही. मंगळवारी सकाळी सील तोडलं, आणि त्याच मिनिटाला गंज आढळला. गंज सील तोडल्यामुळे झाला, हे उघड आहे."

"साहेब, तेव्हा आढळला," तिजानी म्हणाला. "झाला आधीच होता."

"आमच्याकडे दोन्हीला रकाना एकच आहे."

गावकरी तिजानीच्या बाजूने बोलायला आले होते. वाणी लझहर तर तावातावाने उभाही राहिला होता. पण सी रऊफ यांनी येताना मंजूर प्लॅस्टिकचा एक मोठा गुंडाळा आणला होता. जनजागृती म्हणून प्रत्येक घराला दोन-दोन मीटर मोफत द्यायचे होते आणि त्यासाठी एका कागदावर सही लागत होती. त्याच कागदावर वरच्या बाजूला अहवाल होता. लोकांनी रांग लावली. लझहर बगलेत गुंडाळी घेऊन तिजानीजवळ आला आणि खजील होऊन म्हणाला, "तू आपला माणूस आहेस, शंकाच नाही. पण नव्या फ्रीजला काहीतरी हवंच होतं रे."

निकाल लागला. तिजानीची वेतनवाढ रोखण्यात आली. मोटारसायकल भंगारात काढण्यात आली. तिच्या जागी नवी मंजूर झाली आणि या वेळी दोन कव्हरे, म्हणजे कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यावर आणखी एक. भंगार झालेली गाडी आरोग्य केंद्राच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली गेली.

तिजानीने परिपत्रक पुन्हा वाचले. त्यात भंगाराबद्दल एक अक्षर नव्हते. रोज काम संपल्यावर तो रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन भिंतीमागे बसू लागला. साखळी तीन दिवस तेलात बुडवून ठेवली. लोकर पुन्हा आली, वास पुन्हा आला. महिन्याभराने ती गाडी खोकली, थुंकली आणि चालू झाली. अंगावर विटकरी डाग होते, पण ती दिवसाआड अकरा किलोमीटर जाई आणि परत येई. एकदा फेरीबोटीच्या धक्क्यावर सी रऊफ यांनी तिला पाहिले.

"ही कोणती?"

"भंगार, साहेब."

"मग चालते कशी?"

"यादीत नाही म्हणून."

सी रऊफ यांनी वही उघडली, रकाना शोधला, सापडला नाही, आणि वही मिटली. त्या वर्षीच्या अहवालात बेटावरच्या रोग्यांची प्रकृती सुधारल्याचे श्रेय दुहेरी कव्हरला देण्यात आले आणि तो नियम पूर्ण किनाऱ्याला लागू झाला.

मबरूका मावशी आता काठी टेकत होडीत चढत असे. एके दिवशी तिजानी पट्टी बदलत होता तोवर तिने कक्षाला, सी रऊफना, लझहरला आणि जगातल्या समस्त प्लॅस्टिकला दहा मिनिटे मनमोकळ्या शिव्या घातल्या. तिजानीचे गुडघे दुखत होते. "मावशी, जरा आत खुर्चीवर बसू का?"

त्याने पडवीतले दार ढकलले. आत पाहुण्यांची खोली होती. चार खुर्च्या कारखान्यातून आल्या तशाच प्लॅस्टिकमध्ये होत्या. कपाटात बारा सोनेरी काठाचे पेले होते, एकावर अजून दुकानाची चिठ्ठी होती. मावशीचे लग्न होऊन पन्नास वर्षे झाली होती.

"अरे, तिथं नको!" मावशी ओरडली. "ते पाहुण्यांसाठी आहे."

"मग मी कोण?"

"तू घरचा."

"शेवटचे पाहुणे कधी आले होते?"

"येतील की," मावशी म्हणाली. आणि दोघांनी उंबऱ्यावर बसून, खाऱ्या वाऱ्यात, कान तुटलेल्या कपांतून पुदिन्याचा चहा घेतला.

हा प्रकार वाचकांना हास्यास्पद वाटला असल्यास हरकत नाही. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी करावा. रिमोटवरच्या प्लॅस्टिकमधून बटण दाबायला थोडा जोर लागेल. मग आपल्या घरच्या काचेच्या कपाटातल्या त्या सहा कपांकडे एकदा नीट पाहावे. ते कोणत्या पाहुण्याच्या प्रतीक्षेत आहेत, हे सक्षम अधिकाऱ्याने, म्हणजे आपणच, लेखी कळवावे.