उघडल्यावर कळेल

"अजून आहे का गं?" पंचांनी रिकामी वाटी पुढे करत विचारलं.

सूनबाई ग्लासात पाणी ओतत होती. पाणी ग्लास भरून टेबलावर आलं, टेबलावरून नवऱ्याच्या मांडीवर गेलं, तरी तो जागचा हलला नाही. महिनाभरात त्या घरात हा प्रश्न कोणी ऐकला नव्हता.

पंच म्हणजे तिचे सासरे. उभं आयुष्य त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकली होती, म्हणून नात्यातले आणि शेजारपाजारचे सगळे त्यांना पंचच म्हणत. दिलेला निर्णय त्यांनी जन्मात कधी फिरवला नव्हता. मोठ्या तापातून उठल्यावर त्यांनी 'भूक नाही' असा निर्णय दिला, तोही ते फिरवेनात. सूनबाईने नाना प्रकार करून पाहिले. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि स्वयंपाकही प्रयोगासारखाच करायची, मोजूनमापून. पंच एक घास घेत, मान हलवत आणि खोलीत जाऊन पडदा ओढून घेत. मनगटावरचं घड्याळ आता ढिलं होऊन कोपरापर्यंत घसरत होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं दिसलं नाही, तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल.

त्या संध्याकाळी सूनबाईला कॉलेजातून यायला उशीर झाला, म्हणून तिने सरळ एक डबा फोडला. कोपऱ्यावरच्या मोठ्या किराणा दुकानात, दाराशीच ठेवलेल्या पेटीतून, सहज म्हणून उचललेला. नुसता पत्रा, वर लेबल नाही. आतून एक दाट, तांबूस सूप निघालं. तिने ते गरम केलं आणि वाट्यांमध्ये ओतलं. बस, एवढाच स्वयंपाक.

पंचांनी दुसरी वाटी संपवली. मग बोटाने कड पुसली आणि बोट चाटलं. नवराबायको श्वास रोखून बघत होते, जसं कोणी ग्रहण बघावं.

"मशरूम आहे यात," नवरा हलक्या आवाजात म्हणाला.

"जव पण आहेत. आणि काहीतरी भाजलेलं."

"चांगलं आहे," पंच म्हणाले आणि झोपायला गेले.

सूनबाई ताडकन उठली. "डबा कुठाय? बुडाशी आकडा छापलेला असतो, त्यावरून शोधता येईल."

नवरा स्वच्छतेचा भोक्ता होता. तू सूप ओतेपर्यंत मी डबा धुऊन, चेपून, कचऱ्यात टाकून, कचरा खाली ठेवूनही आलो, हे त्याने सांगण्याआधीच तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. खालून कचऱ्याच्या गाडीची घरघर ऐकू आली. तो घरातल्या चपलांवर धावला आणि धापा टाकत परत आला.

"वळली गाडी."

"आकडा आठवतोय?"

"अगं, मी डबे धुतो. वाचत नाही."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती दुकानात गेली. तळघरातल्या गोदामात नळ फुटला होता आणि भिजलेल्या मालाची सगळी लेबलं सुटून गेली होती. तेच डबे पेटीत घालून वर पाटी लावली होती : 'आत काय आहे ते उघडल्यावर कळेल. तक्रार चालणार नाही.'

"मला यातलं एक सूप हवंय," सूनबाई गल्ल्यावरच्या बाईला म्हणाली. "तांबूस. दाट."

"ताई, मला पत्र्याच्या आतलं दिसत असतं तर मी इथे गल्ल्यावर बसले असते का?"

"मांजराकुत्र्यांचं खाणं तर नाही ना यात?"

"छे, तो माल वरच्या मजल्यावर असतो. कोरडाच राहिला. नशीब काढलं त्यांनी."

सूनबाई पेटीसमोर उभी राहिली. काचेतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि सगळे डबे सारखेच चकाकत होते. एकाच आकाराचे, एकाच उंचीचे, तोंडं घट्ट मिटून बसलेले. यातल्या एखाद्यात ती वाटी होती आणि तिला ती दिसत नव्हती. आपण अणूच्या आत काय आहे ते मुलांना सांगतो आणि हातातल्या डब्यात काय आहे ते आपल्याला कळत नाही, या विचाराने ती थक्क होऊन काही वेळ तशीच उभी राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तर मुठींची पेटीच्या पेटी होती. तिने दोन पिशव्या भरल्या.

पहिल्या डब्यातून अननसाच्या चकत्या निघाल्या. दुसऱ्यातून उकडलेले बटाटे. तिसऱ्यातून वाटाणे, चौथ्यातूनही वाटाणे. पंचांनी दारातूनच वास घेतला, "भूक नाही," म्हणाले आणि आत गेले. उघडलेला डबा टाकवत नव्हता, म्हणून नवराबायको अननस आणि वाटाणे समोरासमोर बसून खाऊ लागले. फ्रिजमध्ये वाट्यांवर वाट्या चढल्या. नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यात रोज वाटाणे.

"ऑफिसात मला विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना," तो म्हणाला.

"मग काय सांगतोस?"

"सांगतो, बायकोचं संशोधन चालू आहे."

तेवढ्यात दुकानातून निरोप आला की उरलेला भिजका माल उद्या हलवणार आहेत. सूनबाईने रिक्षा केली आणि पेटीच उचलून आणली. डबे जेवणाच्या टेबलाखाली, पलंगाखाली, पुस्तकांच्या मागे जाऊन बसले. अशा रीतीने उघडत बसलो तर तपासणीचा दिवस उजाडेल आणि आपण वाटाण्यांतच असू, हे तिच्या लक्षात आलं. न उघडता कळायला हवं होतं.

तिने डबे तोलले. वजन जवळपास सारखंच. हलवून पाहिले. डुबुक आवाज निम्म्यांतून आला. मग एका सकाळी दात घासताना तिला वर्गातला जुना प्रयोग आठवला आणि ती तोंडातल्या फेसासकट बाहेर आली.

"कपाटाची फळी काढ," ती नवऱ्याला म्हणाली.

"दात तरी..."

"काढ आधी."

फळीचं एक टोक पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून उतार केला. ज्या डब्यात पातळ रस असतो तो भरभर खाली येतो, कारण नुसता पत्रा फिरतो आणि आतलं पाणी आरामात बसून प्रवास करतं. ज्याच्या आत घट्ट ठासलेलं असतं, त्याला सगळं बिऱ्हाड स्वतःबरोबर फिरवत न्यावं लागतं, म्हणून तो मागे राहतो. दाट सूप कुठेतरी मधे यायला हवं. तिने वरून दोन डबे सोडले. एक सुसाट गेला, दुसरा रेंगाळत आला. वर्षानुवर्षं तिने हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण आपल्याच घरात, आपल्याच फळीवर, बंद पत्रा आपलं पोट उघडं करून दाखवतो हे बघून तिच्या अंगावर काटा आला.

"पुन्हा," ती म्हणाली.

गडगडाट ऐकून पंचांच्या खोलीचा पडदा सरकला. ते काठी टेकत दारात आले. दोन डबे सुटले. पंचांच्या भुवया चढल्या.

"सुरुवात चुकली," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"डावा आधी सोडलास. हा सामना धरता येणार नाही. पुन्हा."

नवऱ्याने निमूटपणे डबे वर नेले. पंच खुर्ची ओढून फळीच्या शेवटाशी बसले. या वेळी सुरुवात त्यांनी हात खाली करून दिली. मागून आलेल्या डब्याकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"मका," ते म्हणाले.

"बाबा, असं कसं सांगता येईल? आधी मोजमाप..."

"निर्णय दिलाय."

फोडल्यावर मका निघाला. पंचांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी फक्त चमचा मागितला. "खाऊन बघितल्याशिवाय पक्कं होत नाही," म्हणाले. सूनबाईने वाटी त्यांच्या हातात दिली आणि पाठ फिरवून पुढचे डबे लावले. तिला वेळ नव्हता.

त्यानंतर रोज संध्याकाळी उतारावरून डबे सुटू लागले. पंचांचे निर्णय बहुतेक चुकायचे. तो मका म्हणजे नुसता योगायोग होता. पण चुकलेला निर्णयही ते खाऊनच मान्य करत. "पीच म्हणालो होतो. बघू तरी हे काय पीचपेक्षा मोठं लागून गेलंय," असं म्हणत त्यांनी घेवड्याच्या दाण्यांची वाटी संपवली. सूनबाईला यातलं काही दिसत नव्हतं. तिचे डोळे फळीवर आणि डोकं मधल्या गटात. मधल्या गटात बटाटेही येत होते, टोमॅटोही येत होते, आणि सूप काही येत नव्हतं.

एके दिवशी खालच्या मजल्यावरची नर्स डोळे चोळत वर आली. तिला रात्रपाळी असायची आणि ती संध्याकाळपर्यंत झोपायची.

"काय चाललंय वर? रेल्वे चालवता का घरात?"

"माफ करा हं," सूनबाई गुडघ्यांवर बसल्या बसल्या म्हणाली. "सासऱ्यांसाठी चाललंय सगळं. आजारी आहेत. काहीच खात नाहीत हो."

नर्सने पंचांकडे पाहिलं. ते तिसऱ्या वाटीतला रस तोंडाला लावून पीत होते.

"कोण, हे?"

"हो ना. अन्नावर वासनाच राहिली नाही."

नर्स काही बोलणार होती, तेवढ्यात पंचांनी तिला हाताने बाजूला केलं. "रेषेवर उभ्या आहात. आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा." ती आत आली. "काय वाटतं, काय असेल?" त्यांनी विचारलं. "गाजर," ती म्हणाली, आणि मग झोपेचं तिच्याही लक्षात राहिलं नाही. जाताना तिच्या हातात वाटाण्यांची वाटी होती, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा चमचा घेऊन आली.

तपासणीचा दिवस उजाडला. सूप सापडलं नव्हतं. दवाखान्यात शिरताना सूनबाईच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत तिने पंचांचे दोन जोड कपडे आणि दाढीचं सामान घेतलं होतं. ठेवून घेतलंच तर असावं. पंच काट्यावर उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"छान वाढलंय वजन."

"शक्य नाही," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"बाई, राग मानू नका, पण तुमचा काटा एकदा तपासून घ्या. हे काही खात नाहीत."

डॉक्टरीणबाई स्वतः काट्यावर चढल्या, आकडा पाहिला आणि लगेच उतरल्या. "काटा बरोबर आहे," त्या जरा नाराजीने म्हणाल्या. मग पंचांकडे वळल्या. "काय खाता तुम्ही हल्ली?"

"जे निघेल ते," पंच म्हणाले.

सूनबाई खुर्चीत बसली. मका, पीच, घेवडा, तिसरी वाटी, नर्सचा तो चेहरा, सगळं एकेक करून उतारावरून खाली आलं. निरीक्षण, निरीक्षण म्हणून वर्गात घसा कोरडा करणारी ती. तिने प्रत्येक डबा पाहिला होता आणि शेजारी बसलेला माणूस पाहिला नव्हता. तिने आता पाहिलं. गालांवर थोडं मांस आलं होतं. मनगटावरचं घड्याळ जागेवर होतं. ती बघतच राहिली.

"टक लावून काय बघतेस?" पंच म्हणाले. "चल. एक डबा उरलाय."

घरी नवरा आणि नर्स वाटच बघत होते. शेवटचा डबा फळीच्या डोक्यावर ठेवला.

"नासपती," पंचांनी सांगितलं.

"माझंही नासपती," नर्स म्हणाली.

सूनबाईला आता कशाचीच फिकीर नव्हती. ती नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाली, "सूप."

नवऱ्याने ओपनर फिरवला आणि खोलीत तो वास पसरला. मशरूमचा, जवांचा, कुठल्याशा भाजलेल्या गोष्टीचा. सूनबाईने ते एवढं जपून गरम केलं की दुधालाही कोणी तेवढं जपत नसेल, आणि पहिली वाटी पंचांसमोर ठेवली.

त्यांनी दोन चमचे खाल्ले. "चांगलं आहे," ते म्हणाले आणि वाटी तिच्याकडे सरकवली. "पण जिंकलीस तू. तू खा."

"बाबा, अहो, याच्याच मागे तर मी..."

"मी नासपती म्हणालो होतो." ते फळीकडे बघत होते. "पुढचा डबा लाव."

"संपले."

"दुकानात?"

"तिथेही संपले. आता सगळ्या डब्यांवर लेबलं आहेत."

पंचांनी मान हलवली. काठी घेतली आणि हळूहळू आपल्या खोलीकडे निघाले. पडद्याच्या कड्या सळसळल्या. नर्सने आपला चमचा पुसून खिशात घातला.

सूनबाईने सूपाची वाटी हातात धरली, चव घेतली. खरोखरच अप्रतिम होतं. तिने वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याचा हात धरून त्याला स्वयंपाकघरात नेलं.

"पिशव्या घे आणि दुकानात जा. दिसेल ते उचल. फक्त आकार सारखा बघ."

"आणि?"

"आणि काय आणलंस ते मला सांगायचं नाही."

तासाभराने मोरीत गरम पाण्याची बादली वाफाळत होती. नवरा बाह्या सरसावून डबे बुडवत होता आणि भिजलेली लेबलं बोटांनी सोलून काढत होता. सूनबाई दाराशी, भिंतीकडे तोंड करून उभी होती. पत्र्यावर पत्रा आपटल्याचा आवाज आला की तिची मान आपोआप वळायची आणि ती परत भिंतीकडे न्यायची.

"बघू नकोस हं," नवरा म्हणाला.

"नाही बघत."

"एकच सांगतो. यातला एक तर इतका भारी आहे, की..."

"एक अक्षर बोललास," सूनबाई भिंतीला म्हणाली, "तर मैदानाबाहेर काढीन."