अजगरगाडीची धडक

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांनाच रोज उशीर होत असे.

पूर्वी होत नसे, कारण पूर्वी तिथं घड्याळ नव्हतं. जाग येई ती सकाळ आणि भूक लागे ती दुपार. पुढं वनराज सिंहांनी मोठ्या वडाखाली कचेरी थाटली. प्रत्येक प्राण्यानं सूर्य सागाच्या शेंड्यावर यायच्या आत हजर व्हायचं, असा हुकूम निघाला. त्या दिवसापासून जंगलात उशीर सुरू झाला.

कचेरी लांब होती. म्हणून अजगरांच्या गाड्या काढल्या. चिंचबनात अजगराच्या पाठीवर बसायचं आणि मोठ्या वडाशी उतरायचं. एका अजगरावर चाळीस जण बसत. जागा कुणाच्या नावाची नव्हती. जो बसला त्याची जागा आणि जो उठला त्याची गेली. एवढा एकच कायदा होता, पण तो लहान पोरंसुद्धा कसोशीनं पाळत. तुम्हाला असे कायदे शिकवावे लागत नाहीत, होय ना?

तर एके सकाळी पहिली गाडी मोठ्या वडाच्या बरीच अलीकडं उभी होती. पुढं हरणांचा कळप रस्ता ओलांडत होता. मागून दुसरी गाडी आली. त्या अजगराला जांभई आली. जांभईत डोळे मिटतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो पहिल्या गाडीच्या शेपटीवर जाऊन आदळला.

धडक काही मोठी नव्हती. कुणाची टोपी पडली, कुणाच्या डब्यातली चटणी सांडली. पण शेपटीकडं शेवंता नावाची खार बसली होती. ती खाली घसरली, आणि तिचा मागचा पाय अजगराचं पोट आणि वाटेतल्या एका झाडाचं मूळ यांच्यामध्ये सापडला.

"आई गं!" शेवंता ओरडली. "पाय अडकला माझा!"

खारीचा पाय म्हणजे काय, ते नीट लक्षात घ्या. पाय गेला तर झाड गेलं. झाड गेलं तर घर गेलं, दाणा गेला, आणि मांजराला मात्र जेवण मिळालं.

गाडीत लगेच हळहळ सुरू झाली. हे प्राणी दुष्ट नव्हते हो. उगाच कुणाला नावं ठेवू नये.

"मी तर आज आधीचीच गाडी पकडणार होतो," भागोजी ससा म्हणाला. "बायकोनं भाकरीला उशीर केला. नाहीतर या भानगडीत सापडलोच नसतो."

"आधीची गाडी हीच आहे," शेजारी कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे मी त्याच्याही आधीची पकडायला हवी होती," भागोजी म्हणाला आणि फार खिन्न झाला.

डोक्याकडच्या बाजूला बातमी पोचली तेव्हा पाच खारी गेल्या होत्या. मधल्या बाजूला तीन गेल्या होत्या. शेपटीकडं एकच होती आणि ती ओरडत होती, पण तिच्याकडं वळून बघायचं तर मान दुखत होती.

अजगर म्हणाला, "मंडळी, मला पोट थोडं वर उचलावं लागेल. पण पाठीवर एवढी माणसं असताना ते उचलत नाही. दोन मिनिटं सगळ्यांनी उतरा. बाईंचा पाय निघाला की परत बसा."

अजगर प्राण्यांना माणसं म्हणायचा. नोकरीला जाणाऱ्या सगळ्यांनाच तो तसं म्हणे.

कुणीच हललं नाही.

"उतरायला माझी काहीच हरकत नाही," नारोपंत बगळे म्हणाले. नारोपंत कचेरीत वरच्या हुद्द्यावर होते आणि एका पायावर उभे राहून विचार करत. "पण आधी मागच्यांनी उतरावं. अपघात त्यांच्याकडं झालाय."

"वा! म्हणजे आमची जागा गेली आणि तुमची राहिली!" मागचे म्हणाले.

"सगळे एकदम उतरू," एक साळिंदर म्हणाली.

"एकदम उतरू, पण चढताना?" भागोजी ससा म्हणाला. "चढताना कोण कुठं बसणार?"

हा प्रश्न रास्त होता. म्हणून यादी करायचं ठरलं. नारोपंतांनी चोचीनं पानावर नावं कोरायला घेतली. नववं नाव कोरताना भांडण लागलं, कारण साळिंदर म्हणाली की ती कडेला नव्हतीच, तिला कडेला ढकललं होतं.

खाली शेवंताचा आवाज बारीक झाला.

"अहो, कुणीतरी या ना," ती म्हणाली. "पाय बधिर होत चाललाय."

"बाई, तुमचंच काम चाललंय!" नारोपंत वरून म्हणाले. "जरा दम धरा!"

मधोमध कुशाबा गाढव बसला होता. कचेरीची लाकडं वाहायचं त्याचं काम. चार वर्षं उभ्यानं प्रवास केल्यावर गेल्या महिन्यात त्याला पहिल्यांदा बसायला मिळालं होतं. त्यानं यादीकडं पाहिलं, खाली पाहिलं आणि तो उतरला. शहाण्यानं असं करू नये, पण तो गाढव होता.

त्याचे खूर जमिनीला टेकायच्या आत त्याच्या जागेवर भागोजी ससा पाय पसरून बसला.

कुशाबा अजगराच्या पोटाखाली शिरला. त्यानं पाठ लावली आणि जोर केला. वर अडतीस जण बसलेले. पोट हललं नाही. त्यानं पुन्हा जोर केला.

"अरे, हळू! कलतंय इकडं!" वरून कुणीतरी ओरडलं.

"काय माणूस आहे! सांडवतोय आम्हाला!"

पोट चार बोटं वर उचललं गेलं. शेवंतानं पाय ओढून घेतला. पाय चेचला होता, पण शाबूत होता. ती रडायला लागली. कुशाबालाही रडू आलं, पण त्याचा आवाज कसा असतो ते त्याला माहीत होतं, म्हणून तो गप्प राहिला.

"सुटली! सुटली!" गाडीत एकच जल्लोष झाला. एकमेकांना टाळ्या दिल्या गेल्या. "चला, चला! आधीच उशीर झालाय!"

आणि गाडी सुटली. कुशाबा आणि शेवंता खालीच राहिले.

कुशाबानं तिला पाठीवर घेतलं आणि चालत कचेरी गाठली. तेव्हा सूर्य सागाच्या पार पलीकडं गेला होता. दारात हजेरीवाला कोल्हा बसला होता.

"उशीर," कोल्हा म्हणाला.

"गाडीला अपघात झाला, साहेब."

"ते आलंय माझ्याकडं. गाडीतल्या सगळ्यांना उशीर माफ आहे. पण तू गाडीतून आला नाहीस. चालत आलास. मग तुला गाडीचा उशीर कसा झाला?"

कुशाबानं शेवंताला पाठीवरून खाली उतरवलं.

"साहेब, यांनीच मला सोडवलं," शेवंता म्हणाली.

"बाई, तुम्हाला अडतीस जणांनी सोडवलं. सगळ्यांनी सह्या केल्यात. वनराजांनी त्यांचं कौतुकही केलं."

"अडतीस? मला तर एकटे हेच दिसले."

"तुम्ही खाली होतात," कोल्हा समजुतीनं म्हणाला. "वर काय चाललं होतं, ते तुम्हाला कसं दिसणार?"

कुशाबाचा गाडीचा पास महिनाभर बंद झाला. चालती गाडी कलती केल्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी शेवंता लंगडत चिंचबनात आली, तेव्हा गाडीतले सगळे सरकले. भागोजीनं स्वतःहून मधली जागा दिली. "बसा, बाई, बसा. तुमच्यावर काय प्रसंग गुदरला!" त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. शेवंता म्हणाली, "ही कुशाबांची जागा." "ते कुठं आहेत आता?" भागोजी म्हणाला. शेवंता क्षणभर उभी राहिली. मागून चार जण त्या जागेकडं बघत होते. ती बसली.

कुशाबा गाडीच्या कडेनं चालत निघाला होता. पाठीवर लाकडं होती. त्यानं वर पाहिलं आणि तिच्या पायाकडं बघून विचारलं, "दुखतंय का अजून?"

शेवंताला फार वाईट वाटलं. ती मोठी भल्या मनाची खार होती. मोठा वड येईपर्यंत तिला बसल्या बसल्या वाईट वाटत राहिलं.

तात्पर्य : मुलांनो, संकटात सापडलेल्याच्या मदतीला जरूर धावून जावं. फक्त जागेवरून उठू नये.