सात पाण्यांनी धुतलेल्या हिरव्या धाग्याची हकीकत

श्री. जे डोळ्यांस दिसत नाही आणि तरीही कार्य करिते, त्या सूक्ष्मास प्रथम नमन. राज्यशक एकशे सात, प्लव नाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी, ते दिवसापासोन जे जे घडले ते येथे लिहिले असे. लिहिणार सरकारी कारखान्याकडील एक कारकून. नावास किंमत नाही. हातून जे घडले ते मात्र जागच्या जागी कबूल करीन, लपविणार नाही.

ऐशास, राज्य नांदते होते आणि समुद्रतीरी खारगड नामे किल्ला होता, आणि तेथे चाळीस असामी शिबंदी, त्यांजवर हैबती नाईक. किल्ल्यापासोन राजधानी बारा कोस, आणि मध्ये घाट असा उभा की तोफ उडविली तरी अलीकडे ऐकू न यावी, धूर करावा तर धुक्यात मिळून जावा. म्हणोन थोरल्या महाराजांनी पूर्वी तांब्याची तार बारा कोस ओढविली होती. किल्ल्यावर आंबट पाण्याच्या मडक्यांत तांब्याचे व जस्ताचे पत्रे बुडवून ठेवीत, त्यांतून वीज निघे, आणि नाइकाने खटका दाबला की ती वीज तारेने राजवाड्यात येऊन घंटा वाजवी. एक ठोका पडला म्हणजे क्षेम. आणि घंटा अखंड वाजत राहिली म्हणजे शत्रू आला, फौज पाठवावी. बंदोबस्त उत्तम होता, परंतु समुद्राचे खारे वारे तांब्यास खाऊ लागले आणि तार जागोजाग तुटली, जोडावी तितकी तुटे. आणि त्याच वर्षी पलीकडल्या मुलखाची गलबते किल्ल्यासमोर घिरट्या घालो लागली. मग चाळीस माणसांचा जीव टांगणीस लागला आणि महाराजांस अन्न गोड लागेना. त्यांनी दरबार भरवून पुसले की, "तांब्यावाचून वीज वाहील असे काही आहे की नाही?" तेव्हा शास्त्री, पंडित, जाणते सर्व एका सुरात बोलिले की, "महाराज, वीज धातूनेच वाहते. राळ, लाख, रेशीम ही तिला अडविणारी जात, म्हणोन तर तारेवर लाखेचे वेष्टण देतात." इतके बोलोन सर्वांनी माना डोलाविल्या. माना डोलाविण्यात आमच्या दरबाराचा हात कोणी धरणार नाही.

मग मागील रांगेतून एक बाई पुढे आली. चिमाई निळारीण तिचे नाव, हैबती नाइकाची थोरली बहीण, निळीच्या पिंपांत जन्म गेलेला, कोपरापर्यंत हात निळे. ती मुजरा करून बोलिली, "सरकार, माझा भाऊ त्या गडावर हाय, म्हणून दोन वरसं हाच उद्योग केला. निळीतनं एक तेल निघतं. ते आंबट पाण्यात मुरवायचं न् वरून एक जहाल औषध टाकायचं. मग त्या तेलाचे कण एकमेकांचे हात धरत्यात न् लांबच लांब साखळ्या होत्यात. कापसाचा दोर त्यात बुडवला की दोर हिरवागार होतो. त्यातनं वीज जाती." पंडित हसले. महाराज हसले नाहीत. त्यांनी कारकुनास सांगितले की बाई जे बोलेल ते अक्षरशः लिहून घ्या, आणि तो कारकून मीच.

मग महाराजांनी पुसले, "साखळ्या केवढ्या जाड?" ती बोलिली, "साखळ्या तर डोळ्यास्नी दिसायच्याच न्हाईत. त्यांचे जुडगे होऊन तंतू होतो. माणसाचा केस उभा चिरावा, हजार चिरा कराव्या, त्यातली एक चीर जेवढी, तेवढा त्यो तंतू. औषध एकदम ओतायचं न् पुन्हा हात लावायचा न्हाई. मी आधी ढवळत होते, तर सगळा गाळ गोळा होऊन खाली बसायचा. ढवळायचं सोडलं, तर तंतू आपल्या आपण झाले. न् तंतू बारीक असला की चांगलं. अखंड सुपारी तोंडात तशीच राहती, कातरली की लगेच चव सोडती, कारण तिचं अंग सगळीकडनं उघडं पडतं. तसंच ह्याचं." पंडितांपैकी एक बोलिले, "जे दिसत नाही ते आहे कशावरून?" ती बोलिली, "पंडितजी, वारा तरी कुठं दिसतो? पण तुमची पगडी उडाली की कळतो की." तेव्हा दरबारात हशा पिकला.

परंतु महाराजांचे समाधान होईना. ते बोलिले, "साखळी झाली हे मानिले. पण राळेचीही साखळीच असेल. मग वीज हिच्यातूनच का जावी?" तेव्हा चिमाईने जे सांगितले ते मी लिहिले, आणि आजही तोंडपाठ आहे. ती बोलिली, "सरकार, गावात आग लागली न् विहिरीपासनं घरापातूर माणसं रांगेनं उभी राहिली. सगळ्यांच्या दोन्ही हातांत भरल्या घागरी. मग कोण कुणाची घागर घेणार? रांग हाय, पाणी हाय, पण काही हालत न्हाई. आता मधनंमधनं एकेकाचे हात रिकामे करा. लगेच घागरी सरकाया लागत्यात. आंबट पाणी साखळीत शिरतं न् असे हात रिकामे करतं. नुसती साखळी मुकी असती. आंबटाची भेसळ हाय, म्हणून ती बोलती." मग तिने वीतभर धागा लावून घंटा वाजवून दाखविली आणि पंडित एकमेकांकडे पाहो लागले. महाराज संतोष पावले आणि आज्ञा जाहली की, एक महिन्यात बारा कोस धागा करावा.

मग निळारआळीत दिवसभर पिंपे भरलेली आणि दोर बुडालेले, आणि सिद्ध जाहलेला धागा गाड्यांतून कारखान्यात येऊ लागला. कारखान्याचे मुख्य जिवाजीपंत कारखानीस. ते दरबारच्या दिवशी परगावी होते, त्यांनी बाईचे बोलणे ऐकिले नव्हते. माणूस अत्यंत सचोटीचा, आणि त्यांचा एक नेम: कारखान्यातून जी वस्तू बाहेर जाईल ती सात पाण्यांनी धुतल्यावाचून जाणार नाही, पाचवे पाणी आंबट मारणाऱ्या सज्जीखाराचे, आणि शेवटचे पाणी कारखानीस स्वतः चाखून पाहात, नंतर वस्तूवर "शुद्ध" असा शिक्का पडे. या नेमास लोक मागे हसत. परंतु पंचवीस वर्षांमागे कल्हई उडालेल्या भांड्यांत मुदपाकखान्याचे अन्न कळकले आणि एका पंगतीत सतरा माणसे गेली, त्यांत पंतांचे वडील बंधू होते, हे हसणारे विसरत. त्या दिवसापासोन पंतांस कोठलाही परका अंश सहन होत नसे. त्यांनी धाग्यास बोट लावून जिभेवर ठेविले आणि बोलिले, "आंबट! असला चिकट आंबट माल महाराजांच्या नावे पाठवावा?" आणि धुण्याची आज्ञा केली. पाणी मोजण्यास मी उभा होतो. चार पाण्यांपर्यंत धागा हिरवा राहिला, आणि पाचव्या, खाराच्या पाण्यात पडताच तो निळा जाहला, सुरेख मोरपंखी निळा. मी ते पाहिले. बाईचे बोलणे माझ्याच हाताने लिहिलेले माझ्याच दप्तरात होते. मला आठवलेही. परंतु पंतांसमोर तोंड उघडण्याची माझी छाती जाहली नाही, आणि खरे सांगतो, तो निळा रंग मला हिरव्याहून बरा वाटला. मी "सात" असे लिहिले आणि शिक्का पुढे केला. हा माझा हात.

मग धागा खांबांवरून बारा कोस ओढिला गेला आणि फाल्गुन शुद्ध तृतीयेस दोन प्रहरी महाराज घंटेसमोर बसले. किल्ल्यावरून एक ठोका यावयाचा होता. वेळ झाली, टळली, घंटा गप्प. मग पंडितांस कंठ फुटला आणि जो तो म्हणो लागला की आम्ही सांगतच होतो. दुसरे दिवशी चिमाईस बोलावून आणिले आणि चाळीस माणसांचा घात केला असा आरोप ठेविला. आरोप ऐकून ती फक्त म्हणाली, "धाग्याचा तुकडा दावा." तुकडा आणिला. तिने तो उजेडात धरिला आणि बोट घासून निळा रंग पाहिला. बोलिली, "कुणी धुतला माझा धागा?"

जिवाजीपंत पुढे होऊन बोलिले, "मी. सात पाण्यांनी. आता त्यात अणुमात्र मळ नाही."

ती बोलिली, "पंत, ज्याला तुम्ही मळ म्हणता ना, त्योच त्याचा जीव होता." आणि मुदपाकखान्यातून आमसुलाचे दाट पाणी मागवून तिने तुकडा त्यात बुडविला. सर्वांच्या देखता निळा धागा हिरवा जाहला. पिळून, वाळवून घंटेस लाविला आणि घंटा वाजली. पंतांनी तो तुकडा हाती घेतला. मग पुसिले, "आणि हे असेच बारा कोस?" ती म्हणाली, "बारा कोस."

मग त्याच दिवशी स्वार सुटले. वाटेवरील गावोगावी हुकूम की, आपापल्या शिवेतील धागा आमसुलाच्या पाण्याने चोळावा, हिरवा होईतो सोडू नये. षष्ठीपर्यंत अलीकडील गावे आणि पलीकडे समुद्रकाठची गावे यांनी आपले काम पुरे केले. राहिला मधला घाट, दोन कोस, तेथे वस्ती नाही. तेथे चिमाई गेली, आणि पंत न सांगता गेले, आणि मी पंतांमागे गेलो. निळारआळीतील दहा माणसे बरोबर. खांबाखांबावर चढावे, फडके भिजवावे, चोळीत पुढे जावे. पंतांचे वय साठ, धुण्यात जन्म गेलेला माणूस, आता हाताने मळ लावीत होता. एकदा मी म्हटले, "पंत, आपण बसावे." ते बोलिले, "तू मोज." मग मी त्यांस सांगितले की बाईचे बोलणे मी ऐकिले होते, लिहिले होते, आणि पाण्यापाशी गप्प राहिलो. पंत रागावले नाहीत. त्यांनी दुसरे फडके माझ्या हाती दिले. त्यापेक्षा दोन थपडा मारिल्या असत्या तर बरे होते.

नवमीस दोन प्रहरी शेवटले चार खांब उरले. चिमाईजवळ पारखण्याची लहान घंटा होती, ती धाग्यास जोडून तिने हातात धरिली होती, की काम पुरे जाहल्यावर निरोप पाठवून किल्ल्यावरून एक ठोका मागवावा. पंत शेवटल्या खांबावर चढले आणि उरलेला हातभर निळा धागा त्यांनी चोळिला. तो हिरवा होताच चिमाईच्या हातातील घंटा आपोआप वाजली. मग सर्वांनी एकच आरोळी ठोकिली, निळारी नाचो लागले, आणि पंतांस हसताना मी तेव्हा प्रथम पाहिले. चिमाई हसत नव्हती. तिने हात वर केला. आम्ही गप्प जाहलो, आणि मग आम्हांस ऐकू आले की घंटा थांबत नाही. ती वाजतच होती. खटका आताच कोणी दाबिला नव्हता. तो आधीपासोन दाबलेला होता, आणि वीज पलीकडे अडून उभी होती.

त्याच क्षणी राजवाड्यातली घंटाही वाजली आणि पाचशे स्वार निघाले. दुसरे दिवशी ते किल्ल्याखाली पोहोचले, आणि शत्रूस गलबतांवर पिटाळून लाविले, आणि किनाऱ्याची वाट शत्रूने तीन दिवस रोखिली होती ती मोकळी केली. चाळिसांतले अकरा पडले होते. हैबती नाइकाचा डावा हात तुटला होता, परंतु तो जिता होता, आणि चिमाई त्याच्या उशाशी जाऊन बसली. मागे दारात पंत उभे आणि मी. तिने पुसिले, "कधी दाबलास खटका?"

"सप्तमीला, उजाडताना."

"न् तीन दिवस सोडला न्हाईस?"

हैबती बोलिला, "फेट्यानं बांधून टाकला, आक्का, म्हंजी हात लढाया मोकळा. पोरं म्हणाली, नाईक, धागा मुका हाय, त्या दिवशीचा ठोकासुद्धा पोचला न्हाई. उगा कशाला? म्या म्हटलं, धागा आक्कानं केलाय. बोलंल. बांधूनच ठेवा."

तेव्हा पंत आत आले आणि उभ्यानेच बोलिले, "नाईक, तो मुका मी केला होता. तुझ्या बहिणीने नीट केला होता." हैबतीने त्यांच्याकडे पाहिले, त्यांच्या आमसुलाने लाल जाहलेल्या हातांकडे पाहिले, आणि बोलिला, "अकरा गेले, पंत." पंत म्हणाले, "होय." चिमाईने भावाचे पांघरूण वर ओढिले.

सारांश हकीकत इतकीच की, किल्ला वाचला, एकोणतीस माणसे वाचली. महाराजांनी चिमाईस कारखान्यात पंतांच्या बरोबरीचे आसन दिले, आणि भांडी सात पाण्यांनीच धुवावी परंतु धाग्यास पाणी लावण्यापूर्वी करणाऱ्यास पुसावे असा ठराव जाहला. पाऊस धाग्यातील आंबट धुऊन नेतो, म्हणोन दरसाल पावसाळा सरताच पंत आमसुले घेऊन बारा कोस चालतात, आणि वाटेत त्या अकरा घरी जातात, दारात उभे राहून आपले नाव सांगतात आणि काय केले ते सांगतात. दहा घरी आता पाणी देतात. अकराव्या घरचे दार अद्याप उघडत नाही. पंत तेथे काही वेळ उभे राहतात आणि मग पुढे निघतात. मी त्यांच्या मागे असतो आणि मीही माझे नाव सांगतो. येणेप्रमाणे जाहले.