नवा मोंढा, जालना, रशिया

भावात मला कुणी गंडवलं, असं आजपर्यंत झालेलं न्हाई. जालन्याच्या मोंढ्यात माझी वीस वर्षांची धान्याची आडत आहे. सकाळी चार बाजारांचे भाव फोनवर विचारल्याशिवाय मी चहाला तोंड लावत न्हाई. माल तोच, बाजार वेगळा, एवढ्यावर आमचं घर चालतं. तेव्हा पुढचं ऐकून हसायचं तर खुशाल हसा, पण माझी बाजारातली इज्जत जरा ध्यानात ठेवा.

गोष्ट २००९ची. आमचे वडील, पुंजाराम आबा, टेंभुर्णीहून माझ्याकडं राहायला आल्ते. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी शेतात पाय टाकायचा न्हाई म्हणून बजावलं होतं. जन्मभर रानात राबलेला माणूस दिवसभर समोरची भिंत पाहून राह्यला होता. बोलणं बंद, जेवण अर्ध्यावर. मला बघवत नव्हतं.

मंग माझा चुलतभाऊ संपत एकदा घरी आला. त्याचं स्टेशन रोडला कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यानं आमच्या कॉम्प्युटरात एक शेतीचा खेळ टाकून दिला. त्यात नांगरट, पेरणी, गहू, ट्रॅक्टर, सगळं होतं. आबा दोन दिवसांत माउस धरायला शिकले. पहिल्यांदा ट्रॅक्टर नांगराच्या तासात सरळ चालला तेव्हा आबा हसले, आणि माझी बायको उषा स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

पण अर्धा तास झाला की खेळ आपोआप बंद व्हायचा. ती नुसती वानगी होती, पुरा खेळ विकत घ्यायचा होता. आबा रोज घाईघाईनं पेरणी उरकायचे आणि रोज गहू उगवायच्या आधीच रान गायब व्हायचं.

"भुजंगा," एक दिवस आबा म्हणाले, "येकदा तरी गहू कापू दे रे मला."

उषा म्हणाली, संपतभावजींना विचारा. मी म्हणालो, ओळखीच्या माणसाशी भाव करता येत न्हाई, मी आपला थेट बाजारात जातो. बाजार म्हणजे इंटरनेटवरचं खेळांचं दुकान. तिथं भाव निघाला वीस डॉलर, म्हणजे साडेनऊशे रुपये! बिलकुल परवडण्यासारखा न्हाई. तेवढ्यात कोपऱ्यात देशांची यादी दिसली. देश बदलला की भाव बदलत होता. युरोपात तर आणखीन चढा होता. खाली खाली गेलो तर रशियात दोनशे रूबल, म्हणजे जेमतेम तीनशे रुपये. मला इतका आनंद झाला की मी उठून एक चक्कर मारून आलो.

रशियाचा माल घ्यायचा तर रशियातला पत्ता द्यावा लागत होता. आता धंद्यात मी खोटं कधी बोलत न्हाई. जो खरा तोच पत्ता लिहिला. नवा मोंढा, जालना. पुढं देश आधीच भरलेला होता. झालं, नवा मोंढा, जालना, रशिया. कार्डाचा नंबर दिला, पैसे गेले, खेळ आला.

उघडून पाहतो तर सगळी अक्षरं रशियन. उषानं माझ्याकडं पाह्यलं, मी खिडकीकडं पाह्यलं. पण आबांना काहीच फरक पडला न्हाई, कारण आधीचं इंग्रजीही त्यांना येत नव्हतं. तीन दिवसांत गहू उगवला, पोटरीत आला, पिवळा पडला. आबा दोन-दोन भाकरी खाऊ लागले. मी मोंढ्यात दुकानोदुकानी रशियाचा भाव सांगत फिरून राह्यलो होतो.

चौथ्या दिवशी आबा कापणीला बसले आणि खेळ उघडेना. इंटरनेटवरच्या दुकानाचं पत्र आलं होतं. तुमचं कार्ड भारतातलं, पत्ता रशियातला, तरी रशियात राहत असल्याचा पुरावा पाठवा. मी सरळ खरं लिहून टाकलं. मी जालन्यात राहतो, पण माल जिथं स्वस्त तिथून उचलायचा ही धंद्याची रीत आहे, वाहतुकीचा खर्चा काय होईल तो कळवावा. तासाभरात उत्तर आलं. खातं बंद, पैसे परत मिळणार न्हाईत.

"गव्हाचं काय झालं?" आबांनी विचारलं.

पत्रात काय आलं ते मी त्यांना सांगितलं.

"म्हंजी उभं पीक गेलं," आबा म्हणाले आणि खुर्ची भिंतीकडं फिरवली. रात्री ताट तसंच परत गेलं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी वीस डॉलर मोजायला तयार झालो, तर दुकान माझं कार्डच घेईना. शेवटी संपतचं कार्ड मागायला मान खाली घालून त्याच्याकडं गेलो आणि सगळी हकिकत सांगितली. तो हसला न्हाई, एवढे त्याचे उपकार. त्यानं मागच्या फळीवरून सीडीची एक डबी काढून पुढ्यात ठेवली. खेळ तोच. वर छापलं होतं, फक्त भारतात विक्रीसाठी, किंमत दोनशे नव्याण्णव.

"भाऊ, वानगी मीच टाकली ना घरी?" संपत म्हणाला. "मंग माल कोणाकडं असंल?"

मोंढ्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वानग्या तळहातावर घेऊन पाहतोय मी, पण घरात येऊन पडलेली वानगी कोणाची, हे विचारायचं मला सुचलं न्हाई. आणि एवढं होऊनही, सवयच वाईट, मी त्याला दोनशे सत्तरला देतो का म्हणून विचारलंच. त्यानं दिली न्हाई.

आबांनी पुन्हा पेरलं. आठवड्यानं गहू कापला आणि ट्रॉली गच्च भरली. मी मागंच उभा होतो. खेळात गहू विकायला तीन ठिकाणं होती, गिरणी, बंदर आणि गावचा बाजार, आणि तिन्हीकडं भाव वेगळा. हे तर माझ्या हातचं काम. मी खुर्ची ओढून आबांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "आबा, जरा थांबा. कुठं चढा भाव आहे ते मी सांगतो."

आबांनी मान न वळवता ट्रॉली जवळच्या गिरणीकडं वळवली.

"ऱ्हाऊ दे भुजंगा," ते म्हणाले. "तू रशियाला धाडशील."